रोम्बाउटकाकांची आग

त्या वर्षी ब्रसेल्समध्ये ज्याला त्याला आग हवी होती.

खरी आग फेब्रुवारीतच येऊन गेली होती. टेकडीवरचा राजवाडा, ज्यात कितीतरी राजे जन्मले, नाचले, रुसले आणि गादी सोडून गेले, तो कडाक्याच्या थंडीत एका रात्रीत जळाला. स्वयंपाकघरात मेजवानीचा मुरंबा उतू गेला म्हणून, असे काही जण सांगत. काही म्हणत, शयनगृहातली शेकोटी विझवायचे राहिले म्हणून. तळी-विहिरी गोठलेल्या, पाणी आणणार कुठून? सकाळी टेकडीवर नुसत्या काळ्या भिंती उरल्या, आणि आठवडाभरात लोक त्यांना ‘जळका दरबार’ म्हणूही लागले.

आता गंमत बघा. राजवाडा धडधाकट उभा होता तेव्हा त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहत नव्हते. रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूचे चित्र विकत कोण घेतो? तो पडला, आणि एकदम सगळ्यांना तो दिवाणखान्यात टांगायला हवा झाला. पण तोही उभा असलेला नको, जळताना हवा. ज्वाळा हव्यात, धूर हवा, खिडकीतून उड्या टाकणाऱ्या दासी हव्यात. टेकडीखालच्या गल्लीत जेवढे म्हणून चित्रकार होते ते सगळे शेंदूर घोटण्याच्या मागे लागले.

लिव्हिनाला या प्रकाराची मनस्वी चीड होती. तिच्या घरात तीन पिढ्या निसर्गदृश्ये रंगवण्याचे काम चाले. वडील लवकर गेले, तिला आणि धाकट्या गिलिसला आजोबांनी वाढवले. चित्रांच्या कारखान्यावर नाव आता गिलिसचे. चित्रकारांच्या संघाने त्याला आदल्याच वर्षी उस्ताद म्हणून दाखल करून घेतले होते. हात मात्र बराचसा लिव्हिनाचा चाले, आणि हे बहीणभाऊ दोघेही जाणून होते.

आजोबांनी, म्हणजे म्हाताऱ्या योसने, जन्मभर एकच गोष्ट रंगवली होती, ती म्हणजे टेकडीवरचा राजवाडा. राजवाड्यामागच्या हरणांच्या बागेत एक उंचवटा होता. हवा चांगली असली की आजोबा तिथे जाऊन बसत. पहारेकरी त्यांना ओळखत, हरणेसुद्धा ओळखत. छोट्या लिव्हिनाने एकदा विचारले होते, “आजोबा, तुम्ही कधी आत गेलात?”

“नाही बुवा,” आजोबा म्हणाले होते. “बाहेरूनच एवढा आहे, की माझा जन्म पुरत नाहीय. आत जाऊन काय करू?”

आणि खरेच होते ते. आजोबांची चित्रे पाहताना माणूस हळू बोलायला लागे. जवळची जमीन तपकिरी, तिच्यावर गवताची पाती. मग बागेची हिरवाई, द्राक्षांचे मांडव, हंसांचे तळे. त्यावर मोठ्या दरबारी दालनाचे उंच छप्पर, शेजारी चॅपल, लांबच लांब सज्जा. आणि सगळ्याच्या मागे शहर, इतके पातळ निळे, की फुंकर मारली तर हलेल. खिडक्या तर पाहतच राहाव्यात. दुसरे चित्रकार एक खिडकी काढत आणि तीच ओळीने गिरवत. आजोबांच्या प्रत्येक खिडकीवर ऊन वेगळे पडे. सज्ज्यातली एक खिडकी ते नेहमी उघडी ठेवत.

“तिथे कोण आहे?” लिव्हिना विचारी.

“कुणीतरी हवा खातंय. खाऊ दे. आपल्याला काय करायचंय?”

आजोबांची बहुतेक चित्रे वकील-राजदूतांबरोबर माद्रिदला आणि व्हिएन्नाला निघून गेली. घरात उरली ती तीन, न खपलेली. आजोबा गेल्यापासून ती माळ्यावर भिंतीला टेकून होती. राजवाडा जळाला त्या दिवशी लिव्हिना माळ्यावर गेली, तिन्ही चित्रे उजेडात आणली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून पोटभर रडली. तिच्या मनात एकच होते: आता राजवाडा फक्त इथे आहे.

गिलिस माळ्यावर आला तो चार दिवसांनी, आणि चित्रे बघून त्याचे डोळे चमकले.

“लिव्ही, आपण वेडे आहोत! नवा राजवाडा रंगवायला दोन-तीन महिने जातात. तोवर सगळ्या गावाची हौस फिटेल. इथे राजवाडा आयता रंगवलेला आहे. आपल्याला फक्त पेटवायचाय!”

लिव्हिनाला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

“आजोबांचा राजवाडा पेटवणार तू? लाज वाटते का काही?”

“खरा पेटला तेव्हा कुणी काही करू शकलं का? मग चित्रातला राहिला काय नि गेला काय.”

“म्हणूनच राहू दे ना! आता दुसरा कुठला आहे?”

“हे बघ,” गिलिस कमरेवर हात ठेवून म्हणाला, “तू रड, प्रार्थना कर, काय हवं ते कर. कारखाना माझ्या नावावर आहे, चार लोकांत मान खाली घालायची वेळ माझ्यावर येते. रोम्बाउटकाकांना आग हवीय. एक गेंटच्या पाद्रीबुवांना हवीय. तिसरीलाही गिऱ्हाईक मिळेल. तू नाही केलंस तर मी करतो.”

हे मात्र भयंकर होते. गिलिस माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या ज्वाळा गाजरांसारख्या दिसत. शिवाय तो खालच्या चित्राचा काही मुलाहिजा ठेवणार नाही, पहिल्यांदा दगडाने घासून काढेल, हे तिला पक्के ठाऊक होते. लिव्हिना रात्रभर तळमळली आणि सकाळी खाली येऊन म्हणाली, “आग मी लावते. तू हात लावायचा नाहीस.”

“अशी शहाण्यासारखी वाग!” गिलिस म्हणाला आणि पाव-लोणी खायला बसला.

तेव्हा ईस्टरच्या आधीचे उपास चालू होते. त्या दिवसांत मांस नाही, लोणीसुद्धा लोक चोरून खात, आणि अंडी तर वर्ज्यच. पण कोंबड्यांना उपास कोण सांगणार? त्या अंडी घालतच राहतात. घरोघरी मडकी भरतात आणि ईस्टरच्या दिवशी एकदम सगळ्यांची चंगळ होते. लिव्हिनाच्या परसातही सहा कोंबड्या होत्या आणि फडताळात अंड्यांचे मडके भरत आले होते.

चित्रकारांच्या घरात अंड्याला आणखी एक उपयोग असतो. तैलचित्र पुरते वाळायला वर्ष लागते, तोवर व्हार्निश लावता येत नाही. मग धूळ बसू नये म्हणून त्यावर अंड्याचा पांढरा बलक फेटून, चिमूटभर साखर घालून, त्याचा हात देतात. वर्षाने ओल्या स्पंजाने पुसले की तो विरघळून जातो आणि खाली चित्र जसेच्या तसे. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होते. पण या बलकावरच दुसरे चित्र काढावे, असे मात्र आजवर कुणाच्या डोक्यात आले नव्हते. कशाला येईल? टिकणार नाही असे काम करायला चित्रकार काय खुळा आहे?

लिव्हिनाने दाराला कडी लावून तिन्ही चित्रांवर बलकाचे थर दिले. एक वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. मग तिने शेंदूर घेतला, पिवळा घेतला, काजळी घेतली आणि राजवाडा पेटवला.

ज्वाळा तिने मन लावून काढल्या. वाईट काढल्या असत्या तर गिलिसने पुन्हा रंगवल्या असत्या. रंगात तेल कमी ठेवले, हात हलका ठेवला. तरी एकेक खिडकी झाकताना तिच्या जिवावर येत होते. झाकण्याआधी ती प्रत्येकीकडे नीट पाहून घेई. किती पाहिले होते म्हाताऱ्याने! या खिडकीच्या काचेत ढग, त्या खिडकीत समोरच्या झाडाचा शेंडा, आणि एकीत चक्क वाळत घातलेला रुमाल. इतक्या वर्षांत तिला तो दिसला नव्हता, आता पेटवताना दिसला. उघडी खिडकी तिने सगळ्यात शेवटी झाकली, आणि झाकताना “क्षमा करा, आजोबा” असे मोठ्याने म्हणाली.

रोम्बाउटकाकांची मात्र आणखी एक मागणी होती. काका म्हणजे खालच्या गल्लीतले बिअरवाले. भट्टी मोठी, पोट मोठे, आवाज त्याहून मोठा. शहरात कुठेही आग लागली की बिअरवाल्यांनी आपल्या गाड्या आणि पिंपे घेऊन धावायचे, असा तिथला रिवाज. काका त्या रात्री धावले होते, आणि तेव्हापासून गावाला दुसरे काही ऐकू देत नव्हते.

“पाणी गोठलं, तेव्हा मी काय केलं?” ते लिव्हिनाच्या पुढ्यात उभे राहून गर्जत होते. “माझी गेल्या मार्चची, मुरवलेली बिअर! पिंपंच्या पिंपं! ओतली राजवाड्यावर! ते चॅपल तेवढं वाचलं ना? कुणामुळे?”

“तुमच्यामुळे, काका,” लिव्हिना म्हणाली. हे ती आता पाठच म्हणत असे.

“मग! मला चित्रात घे. इथे, पुढ्यात. मी गाडीवर उभा, मागे पिंपं, हातात बादली. बादली रिकामी दाखव हां. ओतून झालंय असं दिसलं पाहिजे. आणि घोड्यांच्या नाकातनं वाफा. थंडी काय होती, पोरी, विचारू नकोस!”

तिने काकांना घेतले, तपकिरी जमिनीवर, राजवाड्याकडे तोंड करून. पोटसुद्धा थोडे कमी केले.

चित्र काकांच्या दिवाणखान्यात गेले आणि गावभर वाहवा झाली. दुसरे गेंटला पाद्रीबुवांकडे गेले. तिसऱ्याच्या गिऱ्हाइकाने आयत्या वेळी नाक मुरडले, ते कारखान्यातच भिंतीला टांगून राहिले, जळत. ईस्टरला अंड्यांचे मडके अर्धेच निघाले. गिलिस म्हणाला, “कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या बहुतेक,” आणि लिव्हिना म्हणाली, “हो, बहुतेक.”

वर्ष गेले. पुन्हा उपास आले, आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा उजाडला. त्या आठवड्यात ब्रसेल्समधली एकही वस्तू धुतल्याशिवाय राहत नाही. फरश्या, पितळ्या, पडदे, पोरे, सगळे घासून निघते.

बुधवारी सकाळी कारखान्याचे दार धाडकन उघडले. रोम्बाउटकाका आत आले. मागे त्यांची मोलकरीण त्रीन, डोळे रडून सुजलेले. दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेले चित्र.

“माझी आग विझली!” काका ओरडले.

“काय?” गिलिस म्हणाला.

“विझली! कालपर्यंत धडधडत होती, आज नाही! ही बया काय करून बसलीय बघ!”

काकांनी चादर ओढली. वर्षभराने आजोबांचा राजवाडा पुन्हा दिसत होता. ऊन पडलेले दालनाचे छप्पर, सज्जा, चॅपल, द्राक्षांचे मांडव, मागे पातळ निळे शहर. ज्वाळा नाहीत, धुराचा मागमूस नाही. लिव्हिनाला हसावे की रडावे कळेना.

“मालक, देवाशपथ, मी खराब नाही केलं,” त्रीन हुंदके देत म्हणाली. “मला वाटलं, काजळी आहे. शेकोटीवर टांगलंय, धूर बसला असेल. ओलं फडकं फिरवलं तर काळं निघालं. मग म्हटलं, आणखी थोडं पुसू. तर खालून एक खिडकी निघाली. इतकी चकचकीत! मग दुसरी निघाली. मग हात थांबेचना, बाई, मी काय करू? आणि ही एक तर उघडी निघाली. मला वाटलं, मीच उघडली.”

गिलिसने चित्रावरून बोट फिरवले, बोट जिभेला लावले, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. चित्रकाराचाच पोर तो. साखर घातलेला बलक त्याला कळणार नाही तर कुणाला?

“अंडी,” तो लिव्हिनाच्या कानाशी पुटपुटला. “मडकं अर्धं होतं. लिव्ही, तू… संघाला कळलं तर आपल्याला गावातनं उठवतील!”

“कुजबुज नको!” काका कडाडले. “मी आग विकत घेतली होती, आग! ईस्टरला माझ्याकडे सगळे बिअरवाले जेवायला आहेत. त्यांना काय दाखवू? बागेतलं ऊन? रविवारच्या आत माझी आग परत लावून द्या. नाहीतर मी इथून तडक संघाच्या प्रमुखांकडे जातो आणि हे फसवं काम त्यांच्या नाकासमोर धरतो.”

“लावतो, काका, आत्ता लावतो,” गिलिस घाईघाईने म्हणाला. “लिव्ही, शेंदूर काढ. आणि या वेळी नीट. कायमची.”

कायमची. लिव्हिनाने शेंदराच्या बरणीकडे पाहिले आणि तिला कळले, की आपल्याच्याने हे होणार नाही. कारखाना बुडाला तरी होणार नाही. आणि कारखाना बुडाला तर गिलिस रस्त्यावर येईल, हेही तितकेच खरे होते. काही तरी बोलायला हवे होते. तिने चित्राकडे पाहिले, आणि तेव्हा तिला दिसले, की सगळे पुसले गेलेले नाही.

“त्रीन,” तिने विचारले, “खालची गाडी का नाही पुसलीस?”

“अगं बाई!” त्रीन दचकली. “मालकांच्या तोंडावरनं ओलं फडकं कसं फिरवू?”

तपकिरी जमिनीवर गाडी तशीच उभी होती. घोड्यांच्या नाकातून वाफा निघत होत्या, मागे पिंपे होती, गाडीवर रोम्बाउटकाका उभे होते, हातात रिकामी बादली. आणि त्यांच्यासमोर राजवाडा, कोवळ्या उन्हात, एका खिडकीलाही धक्का न लागलेला.

“काका,” लिव्हिना म्हणाली. “आग विझली म्हणता. पण मग विझवली कुणी? बघा ना. गाडी कुणाची उभी आहे?”

काका चित्राच्या अगदी जवळ गेले. गिलिस मध्येच बोलायला गेला, पण लिव्हिनाने त्याला हाताने गप्प केले. काकांनी आपली टोपी काढली. मग ते तिथल्याच स्टुलावर बसले, आणि एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसू लागला.

“दारच उघडलं नाही, पोरी,” ते म्हणाले.

“कुठलं दार?”

“राजवाड्याचं. पहारेकरी म्हणाले, चोर घुसतील, हुकूम नाही. मी बाहेर पिंपं घेऊन उभा. आत छपरं कोसळताना ऐकू येत होती. बादली माझ्या हातातच. मी शिव्या दिल्या, पाया पडलो. एक थेंब ओतला नाही मी. सकाळी बिअर तशीच परत आणली. गोठून पिंपं फुटली होती. आणि पहिल्याच माणसानं विचारलं, काय रोम्बाउट, विझवली का? मी म्हटलं, चॅपल वाचवलं. काय बोलणार होतो? मग तेच बोलत राहिलो.”

त्रीनने रडणे थांबवून मालकाकडे पाहिले. गिलिस जमिनीकडे पाहत होता.

“हा असा होता, नाही?” काका चित्राला म्हणाले. “मी रोज खालून जायचो नि बघायचो नाही. ती खिडकी… कोण आहे तिथे?”

“कुणीतरी हवा खातंय,” लिव्हिना म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

“खाऊ दे,” काका म्हणाले. “चांगली हवा आहे.”

मग ते उठले, नाक पुसले, आणि त्यांचा आवाज परत आला. “द्या ते इकडे! रविवारी याच्याखाली जेवणार आहे मी. आणि कुणी विचारलं तर खरं ते सांगेन. निदान पहिल्या ग्लासानंतर तरी.”

“घोड्यांच्या वाफा काढून टाकू का, काका? मागे वसंत आहे, गवत हिरवं आहे, आणि…”

“हात लावू नकोस! थंडी होतीच की.”

“बरं. पण गाडीवर व्हार्निश मारून देते. नाहीतर पुढच्या ईस्टरला त्रीन तुम्हालाही पुसेल.”

त्रीन हसली, काकाही हसले, आणि गिलिसलासुद्धा हसू आवरले नाही.

दुपारी काका आणि त्रीन चित्र घेऊन निघाले. चादर घालायला काकांनी साफ नकार दिला. चित्राचे तोंड बाहेर करून ते चढावरून, जळक्या दरबारावरून चालले, लांबचा रस्ता मुद्दाम घेऊन. लिव्हिना आणि गिलिस दारात उभे राहिले. पाव विकणारी बाई टोपली खाली ठेवून बघायला लागली. पिंपे ढकलणारे दोघे थांबले. एका म्हाताऱ्याने काळ्या भिंतींकडे पाहिले, चित्राकडे पाहिले, आणि टोपी काढून चित्र नजरेआड होईपर्यंत तसाच उभा राहिला.

लिव्हिना गिलिसची बोलणी खायच्या तयारीत होती; तो ओरडणार, आणि त्याला ओरडायचा हक्क आहे, असे तिने मनाशी ठरवले होते.

“त्या रुमालाचं मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “तिसऱ्या खिडकीत. वाळत घातलाय कुणीतरी.”

“मलाही नव्हतं. पेटवताना दिसला.”

तो आत गेला. भिंतीवरचे तिसरे चित्र त्याने काढले आणि रंगवायच्या लाकडी घोडीवर ठेवले. राजवाडा तिथे अजून जळत होता. गिलिसने बाह्या वर केल्या आणि स्पंज शोधून आणला.

“लिव्ही,” त्याने आतून विचारले, “पाणी गार लागतं की कोमट?”

“कोमट,” ती म्हणाली आणि चुलीवर भांडे ठेवायला गेली.